पऱ्हाटीत आडवा पडलेला मी

माझ्या एका थापेच्या मागे मी जितका फिरलो, तितका अख्ख्या नोकरीत फिरलो नाही. आणि नोकरी माझी एसटीत कंडक्टरची होती.

उमरखेड-फुलसावंगी ही माझी गाडी. रस्ता असा, की गाडी पुढे कमी आणि वर जास्त जायची. माणूस फुलसावंगीला उतरेपर्यंत निम्मा वेळ हवेतच असायचा, तेव्हा त्याला अर्धंच तिकीट द्यावं की काय असा मला रोज प्रश्न पडे. अशा रस्त्यावर माणसं बोलल्याशिवाय जगत नाहीत. मी बोलायचो. नाल्याला आलेल्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून तिकिटं फाडली, आमच्या वावरातल्या एका वांग्याची भाजी पंगतीला पुरून वर मेहुण्याला डबा गेला, असलं सगळं. सांगायला लागलो की मागच्या सीटवरून कोणी ना कोणी ओरडायचं, "भागा बावा, चारनं भागा!" म्हणजे बारा हाताचा साप तीन हातांचा धरायचा. ही आमच्या गाडीची रीतच पडली होती. ऐकणारे चारानं भागणार हे ठाऊक असल्यामुळे मीही पाचानं गुणून सांगायचो. दोन्हीकडून हिशेब चोख. गोष्ट माणसासोबत गाडीत चढायची आणि त्याच्या थांब्यावर त्याच्यासोबत उतरून जायची. ती परत आणायला कधी कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेली. बाहेरून अशी हिरवीगार, की नजर लागावी. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी बसलेली, घरजावयासारखी. लोक यात ते मिसळून, त्यात हे मिसळून फवारत होते. त्या उंच पऱ्हाटीतून पाठीवर पंप घेऊन फवारत जाणारा माणूस वावराच्या कडेच्या धुऱ्यावर येईपर्यंत झुलायला लागायचा. कोणाचे डोळे गेले, कोणाला यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं, कोणी घरी परत आला नाही. हे मी वाढवून सांगत नाही. ह्याला कोणी भागू नये.

माझीही चार एकर पऱ्हाटी होती. सुट्टीच्या दिवशी मीच फवारायचो. त्या वर्षी माझा पंप गळायला लागला. औषध थेंबथेंब पाठीवर यायचं आणि पाठ अशी चुरचुरायची, की वाटे कोणी मिरचीचं पोतं बांधलंय. मी पंप आमच्या गावच्या फाट्यावरच्या मिस्त्रीकडे नेला.

हा मिस्त्री मुसलमान. बापापासूनचं त्याचं टिनाचं दुकान होतं. कुलपं, स्टो, शिवणमशीन काहीही दुरुस्त करायचा, पण फवारणीचे दोन महिने नुसते पंप. त्या दोन महिन्यांवर त्याचं वर्ष उभं असायचं. बोलायला तो इतका चिकट, की मी दिवसात वापरतो तेवढे शब्द त्याच्या दोन पिढ्यांना पुरले असते. त्याची एक पद्धत होती. पंप नीट झाला की त्यात साधं पाणी भरायचा, स्वतःच्या पाठीवर घ्यायचा आणि दुकानाभोवती दोन चकरा मारायचा. मग शर्ट काढून पाठीकडून पाहायचा. टाचणीच्या टोकाएवढा जरी ओला ठिपका दिसला, तरी पंप पुन्हा खोलून आतलं रबरी वायसर बदलायचा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणायचा, "पाठ तुमची हाये, वायसर माह्यं हाये."

त्यानं माझा पंप असा नीट केला की एक थेंब आला नाही. अर्धं वावर फवारलं, पाठ कोरडी. मला इतका आनंद झाला, की त्याची तारीफ जगाला सांगावीशी वाटली. आता 'मिस्त्रीचं काम चांगलं आहे' असं सरळ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आमच्याकडे चांगल्याला चांगलं म्हणायची पद्धत नाही. भाजी उत्तम झाली तर म्हणतो, "वहिनी, अशी भाजी करत नका जाऊ, मानूस ताटबी खाईन." शिवी देऊन शाबासकी द्यायची. त्यात मी तर कंडक्टर.

तर दुपारी मी पंप पाठीवर असतानाच पऱ्हाटीच्या ओळीत पालथा पडलो. हात पसरले, तोंड मातीत घातलं, एक चप्पल लांब फेकली. शेजारच्या वावरवाल्याला म्हटलं, "काढ फोटो." तो इतका हसत होता की पहिले तीन फोटो आभाळाचेच आले. चौथा जमला. आमच्या भागातल्या कापूसवाल्यांचा एक ग्रुप होता फोनवर. त्यात भाव, अळी, औषधं आणि सकाळच्या फुलांचे फोटो यांचा ढीग असायचा. त्यावर मी तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं:

"सावधान! फाट्यावरच्या मिस्त्रीकडून पंप दुरुस्त करून घेऊ नका. त्यानं नीट केलेल्या पंपानं माणूस आडवा होतो. जोरच असा, की दांडी दाबली आणि मी तीन वावरं ओलांडून पडलो. अळी तर मेलीच, तिची सासू लग्नाचं जेवण सोडून पळाली. एवढं सोसत असेल त्यानंच मिस्त्रीकडे जावं."

माझ्या गाडीतले जे ग्रुपात होते ते हसले. "भागा चारनं," दोघातिघांनी लिहिलं. मी खुशीत.

तिसऱ्या दिवशी गाडी फाट्यावर थांबली तर मिस्त्रीच्या दुकानापुढे पाच-सहा माणसं. मला वाटलं, माझ्या जाहिरातीचा प्रताप. पाहतो तर माणसं आपापले पंप परत नेत होती. कोणाचा अर्धा खोललेला, कोणाची नळी हातात, टाकी काखेत. मिस्त्रीनं मला हात करून बोलावलं. एका गिऱ्हाइकाचा फोन माझ्यापुढे धरला.

"भाऊ, हे तुमी लिवलं काय?"

फोटो माझाच. खाली लिहिलेलं: "सावधान! फाट्यावरच्या मिस्त्रीकडून पंप दुरुस्त करून घेऊ नका. त्यानं नीट केलेल्या पंपानं माणूस आडवा झाला. फोटो पहा. सगळ्या ग्रुपवर पाठवा." सासू गेली, तीन वावरं गेली, माझं नाव गेलं. 'होतो'चं 'झाला' झालं.

"अर्धं माह्यं हाये," मी म्हणालो. "बाकीचं कोनंतरी कापलं."

"कापनाऱ्याले काय बोलू, भाऊ? कपडा तं तुमचाच हाये."

"आजच्या आज पुसून टाकतो," मी म्हणालो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मिस्त्री म्हणाला, "पुसा भाऊ. आता दोन महिने हायेत. हे दोन गेले तं गेले. आन् ज्याच्या पंपातून जहर गळते म्हनतेत, त्याच्या हाती अगल्या सालीबी कोन पंप देईन?"

घरी आलो. फोन काढला, ग्रुप उघडला, माझ्या मेसेजवर बोट दाबून धरलं. फोननं काहीतरी विचारलं. मी विचारलेलं वाचत बसणारा माणूस नाही. डिलीट दाबलं. मेसेज गेला! जागा स्वच्छ, सारवल्यासारखी. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बायको आपला फोन घेऊन आली. तिच्या बचत गटाच्या ग्रुपात तेच. माझ्या कापसाच्या ग्रुपात ती नव्हती, म्हणून तिनं शेजारणीचा फोनही आणला होता. शेजारणीचा नवरा होता त्यात. तिथं माझा मूळ मेसेज सासूसकट शाबूत.

"आवो, हे तं इथं हायेच."

"मी आत्ता पुसला!"

"तुमच्याच फोनातून पुसला. म्हंजे साऱ्या गावाले दिसते, फक्त तुमालेच दिसत नाई." तिनं फोन उलटासुलटा करून पाहिला. "सगळ्याइच्यातून काढाचंबी असते. पन ते लगेच करा लागते म्हंते, मिनिटात. तुमी तीन दिवस मिशीले पीळ देत बसले." मग दोन्ही फोन कडेवर पोरासारखे घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या जिभेले तं हाड नव्हतंच. आता बोटाचंबी गेलं."

ग्रुपचा ॲडमिन खताच्या दुकानाचा मालक होता. त्याच्याकडे गेलो.

"तू ॲडमिन हायेस ना? काढ तो मेसेज."

"मले मेसेज नाई काढता येत, भाऊ."

"मंग तुले काय काढता येते?"

"तुमाले."

आणि काढलं की हो त्यानं! काहीतरी केल्याशिवाय मी जाणार नाही असं वाटून त्यानं मला ग्रुपातून काढून दाखवलं. मेसेज आत, मी बाहेर. पुन्हा आत घ्यायला लावलं, कारण मला खुलासा लिहायचा होता. त्याच्या गल्ल्यापाशी उभं राहून मी जन्मात पहिल्यांदा एकही गोष्ट न वाढवता लिहिलं: फोटो माझा आहे. मला काही झालेलं नाही. पंप उत्तम आहे. मिस्त्रीचं काम चोख आहे. मी गंमत केली, चूक झाली.

उत्तरं आली. हसून डोळ्यांत पाणी आलेले तोंडवळे, ओळीनं वीस. "आता कोनती नवी?" "भागा चारनं." आणि मग एकानं गुलाबाचं फूल टाकलं, एकानं कापसाचा भाव विचारला, खुलासा वर सरकत सरकत दिसेनासा झाला. मी सरळ लिहिलेलं सत्य चारानं भागून लोकांनी पाव ठेवलं होतं. पाव सत्यानं कोणाचा पंप परत येतो?

माझं नाव असलेली थाप कोणीच खरी मानली नसती. लोकांनी ती खरी मानली, कारण तिच्यावर माझं नाव उरलं नव्हतं. हे मला गल्ल्यापाशीच कळलं. कळून उपयोग काय? नाव चिकटवायला मेसेजच्या मागे धावायचं, तर मेसेजला रस्ता लागत नाही आणि माझ्या गाडीला तोच लागतो.

तरी धावलो. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबली की मी दारात उभा राहून सांगायचो, "ज्याच्या फोनात पंपवाला फोटो असन त्यानं पुसा. तो मी हावो." लोक तिकीट काढायचे. फुलसावंगीला गाडी अर्धा तास थांबायची. तिथं चहाच्या टपरीवर चार जण बसले होते. एकानं आपणहूनच मला फोन दाखवला. "पाह्यलं काय कंडक्टर, बिचारा कसा मेला."

"मेला नाई. तो मी हावो."

त्यानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे जास्त वेळ पाहिलं. "कायले थट्टा करता मेलेल्याची? तो बारीक मानूस होता. गरीब."

"पालथा पडलो ना मी! पोट मातीत गेलं."

"एवढं पोट मातीत गेलं असतं," दुसरा म्हणाला, "तं तिथं हीर झाली असती. पानी लागलं असतं."

सगळे हसले. मीही हसलो असतो. वाक्य माझ्या तोडीचं होतं. मी म्हणालो, "बरं, शर्ट पाहा. घरी हाये तोच शर्ट. उद्या आनून दाखवतो."

"मेलेल्याचा शर्ट घरी कायले ठेवला?" पहिल्यानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

कोपऱ्यात एक म्हातारा बशीतून चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. "तुमाले त्या मिस्त्रीनंच पाठवलं असन," तो म्हणाला. "पयलेच आलंय आमच्या ग्रुपात, तो कोन हाये ते." त्यानं आपला फोन दिला. तिथं मेसेजात मिस्त्रीचा धर्म शिरला होता आणि 'मुद्दाम' असा एक शब्द. हे मी लिहिलं नव्हतं. पण माझ्या दोन ओळींच्या मधोमध बसायला त्याला जागा बरोबर सापडली होती. मी तो फोन हातात घेऊन उभा राहिलो. मी, ज्याला वांग्यावर एक तास बोलता येतं. गाडीची वेळ झाली होती म्हणून मी गाडीत चढलो.

त्याच आठवड्यात वणीहून माझ्या मेहुण्याचा, बायकोच्या भावाचा फोन आला. तो तिकडे कोळशाच्या ट्रकांवर मुकादम होता. जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक, कापसाचा तिथं अर्धा संबंध, तरी मेसेज ट्रकात बसून पोचला होता.

"दाजी, तुमच्या तिकडे एका मिस्त्रीनं सात मानसं मारले म्हंते?"

सात! मी जन्मभर गुणाकार करत आलो, पण एका जिवंत माणसाचे सात मुडदे करायची माझी छाती नव्हती. मेहुण्याला सगळं सांगायला पाऊण तास लागला. त्यानं विश्वास ठेवला. का ठेवला माहीत नाही. बहुतेक मी फोनवर रडलो म्हणून. सगळ्या जिल्ह्यात माझा खुलासा ज्याला पटला असा तो एकटा.

तोवर मिस्त्रीच्या दुकानापुढे पंप नव्हता. तो सकाळी दुकान उघडायचा, पाटावर बसायचा, स्क्रूचे पेचकस ओळीनं लावायचा. एकदोघं कुलूप घेऊन यायचे तेही इकडेतिकडे पाहून. मी बाजाराच्या दिवशी रजा टाकली. माझा पंप पाण्यानं भरला, पाठीवर घेतला आणि भरबाजारात, दुकानापुढच्या मोकळ्या जागेत उभा राहून फवारायला लागलो. ओरडून सांगत होतो, "हा मिस्त्रीचा पंप! ही माही पाठ! या, हात लावून पाहा! कोरडी हाये! फोटोतला मानूस मी हावो!" भाजीवाल्या बायांनी पाणी उडतं म्हणून शिव्या दिल्या. पोरंसोरं भिजायला पुढे आली. शर्ट काढून मी गोल फिरलो, सगळ्या बाजारानं पाठ पाहावी म्हणून. लोकांनी पाहिली. फोन वर करकरून पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ डेपोत माझ्याआधी हजर. खाली लिहिलेलं: "विषबाधेमुळे कंडक्टरला वेड लागले. बिचाऱ्याच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा." साहेबानं मला बसवून पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "औषधाच्या गोया चालू हायेत ना?"

संध्याकाळी परतताना मी फाट्यावर उतरलो. मिस्त्री कुलूप लावत होता. मी काही म्हणायच्या आधी त्यानं हात जोडले. रागानं नाही. दमलेल्या माणसानं जोडावेत तसे.

"आता बस करा, भाऊ. तुमी जितकं पुसता तितकं फैलते. काल एका पोट्ट्यानं इचारलं, कंडक्टर कोन्या पंपानं येडा झाला म्हनून."

"मंग मी काय करू?"

"काई नोका करू." त्यानं कुलूप ओढून पाहिलं. "मेहुना वनीले हाये म्हनता ना तुमचा? तिकडे ट्रक हायेत. ट्रकाले जॅक असतेत. इचारून पाहा."

विचारलं. मेहुण्यानं रस्त्याकडेला जागा दिली, वर ताडपत्री घातली. बापाच्या वेळचं टिनाचं दुकान तसंच ठेवून, शेगडा आणि हत्यारांच्या दोन पेट्या घेऊन मिस्त्री बायकोपोरांसह गेला. माझ्याच गाडीनं उमरखेडला गेला, तिथून पुढे. गाडीत मी नुसती तिकिटं फाडली. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "काय कंडक्टर, आज आवाज बसला काय?"

पुढच्या वर्षी सासरी कार्यक्रम होता म्हणून वणीला गेलो. दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्रीकडे गेलो. बरं चाललं होतं त्याचं. ताडपत्रीखाली चार-पाच जॅक, ग्रीसचे डबे, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. एक ट्रकवाला जॅक घ्यायला आला होता. मिस्त्री तो जॅक एका पाट्याखाली लावून, वर मोठा दगड ठेवून, दाब उतरतो का ते पाहत होता. ट्रकवाला वाट पाहत फोन चाळत बसला. फवारणीचे दिवस पुन्हा आले होते. चाळता चाळता तो थांबला.

"मिस्त्री, तुमी उमरखेडकडचेच ना? हे पाहा, तुमच्या तिकडचं आलं. हा पंपवाला कोन हाये हो? मानसं मारते म्हंते."

त्यानं फोन फिरवला. मी पडलेलो होतो. एक चप्पल लांब.

मिस्त्रीनं जॅकवरून नजर न काढता एकदा फोनकडे पाहिलं. "आयकलं होतं," तो म्हणाला. "ओयखत नाई त्याले."

"आन् हे?" ट्रकवाल्यानं माझ्याकडे मान केली. "हेबी तिकडचेच?"

"हे पाव्हने हायेत."

माझं तोंड उघडलं होतं. तो खुलासा मी वर्षभरात इतक्यांदा सांगितला होता, की कुठे थांबायचं, कुठे पोटावर हात ठेवायचा, हे सगळं आपोआप यायचं. फोटोतला माणूस मी आहे, आणि तो मिस्त्री हा इथे बसलाय, त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. सगळं खरं. एक अक्षर वाढवलेलं नाही. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, फार नाही, चहाचा घोट घेण्याएवढा वेळ.

"अशाइले पकडाले पायजे," ट्रकवाला म्हणाला. "नाई काय हो पाव्हने?"

"व्हय," मी म्हणालो.

दगड जागचा हलला नव्हता. मिस्त्रीनं दाब सोडला, दगड उतरवला, जॅक पुसून ट्रकवाल्याच्या हातात दिला आणि पुढचा ओढून घेतला.